जीपला ट्रॅक्टरचं इंजिन

आमच्या वारणा खोऱ्यात १९८० च्या सुमाराला जीप दिसायच्या आधी ऐकू यायची. शेडगेवाडी फाट्यावर उभा असलेला माणूस कान देऊन सांगायचा, "पेट्रोल नव्हं, डिझेल केलीया." 'डिझेल करणं' हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडात बसला होता. म्हणजे काय, तर कंपनीनं दिलेलं पेट्रोलचं इंजिन उतरवायचं आणि दुसऱ्या कशाचं तरी डिझेल इंजिन तिथं बसवायचं. हे दुसरं कशाचं तरी म्हणजे बहुतेक करून मोडलेल्या ट्रॅक्टरचं, नाहीतर मॅटाडोरचं. आज ती कामं करणारे मेस्त्री राहिले नाहीत, त्या जीपाही भंगारात गेल्या. पण आमच्यासारख्या डोंगरकपारीच्या गावांत एस.टी. दिवसातनं एकदा यायची त्या काळात बाजार, दवाखाना, शाळा, लग्नं हे सगळं ह्या अशा जोडाजोडीच्या गाड्यांवर चाललं. त्याचा इतिहास कुणी लिहिला नाही. मला थोडा माहीत आहे, कारण तसली एक गाडी आमच्या दारात होती आणि तिनं आमच्या घराचं बरंच काही केलं, बरंही आणि वाईटही.

जीप मूळची लढाईतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड अशा दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या. लढाई संपल्यावर हिंदुस्थानात राहिलेल्या जीपा लिलावात गेल्या. जुनी माणसं त्यांना 'डिस्पोजलची जीप' म्हणत. १९४५ साली महिंद्र अँड महंमद नावाची कंपनी निघाली होती. फाळणीनंतर त्यातले गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. ह्या कंपनीनं स्वातंत्र्याच्या सुमाराला विलिसच्या जीपा इथं आणून जोडायला सुरुवात केली आणि पुढं हळूहळू इथंच घडवायला लागली.

लढाईतल्या जीपचं बॉनेट बसकं होतं. आमच्याकडं ज्या जीपा आल्या त्यांचं बॉनेट उंच, नाकाड वर काढलेल्या रेड्यासारखं. त्याला कारण इंजिनच होतं. जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये असायचे. नव्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला आणि धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्येच ठेवला. त्यामुळं इंजिनाची ताकद साठवरनं सत्तर हॉर्सपॉवरच्या पुढं गेली, पण इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ साली निघालं, त्याचं नाव सीजे-३बी. तिकडं ते १९६८ ला बंद पडलं, आपल्याकडं मात्र त्या घाटाच्या जीपा त्यानंतरही कितीतरी वर्षं निघत होत्या. ह्या उंच बॉनेटखाली जी जागा झाली, तिचा खरा फायदा पुढं आमच्या मेस्त्र्यांनी घेतला.

जीप चांगली होती, प्रश्न तिच्या पिण्याचा होता. वडापाला माणसं भरून पठारावर चढवली की लिटरला सात-आठ किलोमीटर. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं आणि पेट्रोल एकदम महाग झालं. १९७९ ला इराणात क्रांती झाली आणि दुसरा दणका बसला. डिझेल मात्र सरकारनं शेतीसाठी आणि मालवाहतुकीसाठी बरंच स्वस्त ठेवलं होतं.

पहिल्यांदा लोकांनी रॉकेलचा मार्ग काढला. पेट्रोलवर गाडी चालू करायची, गरम झाली की रॉकेल मिसळलेल्या टाकीवर घ्यायची. हे चालायचं, कारण जुन्या जीपचं इंजिन हवा साडेसहा-सात पटच दाबायचं. आजच्या गाडीत असं केलं तर पिस्टनच फुटेल. पण न जळालेलं रॉकेल रिंगांच्या कडेनं खाली झिरपायचं आणि चेंबरमधल्या ऑइलचं पाणी करायचं. तीन-चार महिन्यांत बेअरिंग बोलायला लागायची. शिवाय रॉकेल रेशनचं. गावाच्या चुलीचं रॉकेल जीपच्या टाकीत जातंय म्हणून आमच्याकडं एका गावात बायका जीपसमोर आडव्या बसल्या होत्या, ते मी स्वतः बघितलंय.

मग डिझेल. शहरातल्या माणसाला वाटेल, खेड्यातल्या माणसाला डिझेल इंजिन कसं समजलं? त्याला डिझेल आधी समजलं, पेट्रोल मागनं. विहिरीवर इंजिन होतं ना! किर्लोस्करचं, साताऱ्याच्या कूपरचं. नदीकाठच्या मळ्यात रात्रीचं इंजिन बंद पडलं तर मेस्त्री कुठनं आणणार? मीही सातवी-आठवीत असताना नोझल खोलून, पाइपाला जोडून, हँडल मारून डिझेलची फवारणी धुक्यासारखी येते का धारेसारखी, हे बघायला शिकलो होतो. धार आली की नोझल गेलं. एअर काढणं तर पोराटोरांनाही यायचं. त्यामुळं जीपचं पेट्रोल इंजिन, त्याचा कॉइल, पॉइंट, कार्ब्युरेटर ही आम्हाला परकी वस्तू वाटायची आणि डिझेल घरचं.

आणि नेमकं बसेल असं इंजिनही सापडलं. इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर. मूळचा इंग्लंडातला, डॉंकास्टरचा. १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली, कांदिवलीत हे ट्रॅक्टर निघू लागले, आणि १९७७ ला ती कंपनी महिंद्रातच मिळाली. हा पस्तीस हॉर्सपॉवरचा लाल ट्रॅक्टर ऊसपट्ट्यात भरपूर होता. त्याचं इंजिन चार सिलिंडरचं, १४४ घनइंच, म्हणजे लिटरात २.३६. जीपचं पेट्रोल इंजिन १३४ घनइंच, म्हणजे २.२ लिटर. आकारानं जवळपास भाऊ-भाऊ. ताकदीचा आकडा बघितला तर ट्रॅक्टरचं इंजिन निम्म्याचं. पण आकडा फसवतो. जीपचं पेट्रोल इंजिन घोड्यासारखं, चार हजार फेऱ्यांवर पळायला लागलं की जोर दाखवणार. ट्रॅक्टरचं इंजिन बैलासारखं, हजार-बाराशे फेऱ्यांवरच मान खाली घालून ओढणार. पठारावरच्या चिखलात घोडा काय कामाचा?

पळण्याचा हिशोब मात्र सरळ आहे, तो मला आमच्या मेस्त्रीनं खडूनं फरशीवर करून दाखवला होता. जीपच्या मागच्या डिफरन्शियलचं माप ५.३८, म्हणजे टॉप गिअरला इंजिनाचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक. सोळा इंची रिमवरच्या टायरचा एक फेरा म्हणजे सव्वादोन मीटर. ट्रॅक्टरचं इंजिन दोन हजार फेरे फिरलं तर तासाला पन्नास किलोमीटर होतात. बास. पेट्रोलवर तीच जीप कागदावर शंभर पळायची. मेस्त्री गव्हर्नर थोडा वर सरकवून पन्नासाचे साठ-पासष्ट करून द्यायचे, आणि वर बजावायचे, "ह्याच्या फुडं पळवली तर कनेक्टिंग रॉड खिडकीतनं बाहीर बघंल."

कंपनीलाही हे दिसत होतं. तिनंही ह्याच घराण्यातलं इंजिन जीपला देऊन डिझेल जीपा काढल्या, आणि १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडनं एक्सडीपी ४.९० या दुसऱ्या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. पण नवी गाडी घ्यायची ऐपत किती जणांची? जुन्या पेट्रोल जीपा मातीमोल झाल्या होत्या आणि ज्याच्याकडं शहाणपण होतं तो त्या घेत होता. पुढं लष्कराच्या लिलावातल्या जोंगा आल्या, त्या जबलपूरच्या कारखान्यातल्या, सहा सिलिंडरच्या, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. ती गाडी शेतकऱ्यानं पेट्रोलवर चालवायची म्हणजे घरात हत्ती बांधायचा. त्यांचीही इंजिनं उतरली.

आमच्या घरात हे शहाणपण तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना सुचलं. १९८१ साल. घर एकत्र. थोरले चुलते आबा कारभारी. तात्यांनी चांदोली धरणाच्या कामावरच्या एका ठेकेदाराकडनं १९६२ ची पेट्रोल जीप घेतली. आबांचा विरोध होता. त्यांचं म्हणणं, लोखंडात पैसा घातला की तो गंजतो, जमिनीत घातला की उगवतो. तात्यांनी दोन म्हशी विकल्या, आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि ओढ्यात उलटलेल्या एका बी-२७५ चं इंजिन उचललं. दहावी झाल्यावर मी घरीच होतो, वय वीस. ड्रायव्हर मीच.

जुनं इंजिन चार गड्यांनी बांबूला बांधून उचललं. नव्याला चेनपुली लावावी लागली, चिंचेची फांदी करकरली. तिथंच समजायला पाहिजे होतं की हे काम इंजिन बदलण्याचं नाही, सगळी गाडी बदलण्याचं आहे. वजन वाढलं म्हणून पुढच्या पाट्यांत एक-एक पान वाढवावं लागलं. ट्रॅक्टरचं चेंबर खाली पुढच्या डिफरन्शियलला अडत होतं, ते कापून पुन्हा वेल्डिंग केलं. डिझेलचा हादरा सोसायला फौंडेशनची रबरं दुप्पट जाड. स्टार्टरला ताकद जास्त लागते म्हणून बॅटरी मोठी आणि तिच्या केबलीही जाड. सायलेन्सरचा पाइप स्टिअरिंगच्या बॉक्सवर येत होता, तो वळवला. एक गंमत तर कुणाच्याच ध्यानात आली नाही. आमच्या जीपचा वायपर विजेवर नव्हता, इंजिनाच्या ओढीवर चालायचा. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जी पोकळी होते, त्या पोकळीवर. डिझेलच्या हवेच्या वाटेत झडपच नसते, पोकळी होणार कुठनं? पहिल्या पावसात वायपर मेला तो मेलाच. पुढं सहा वर्षं माझ्या शेजारी बसलेला उतारू हातानं काच पुसायचा आणि त्याचं भाडं मी घेत नसे.

पण सगळ्यात नाजूक जागा मधली. जीपचा गिअर बॉक्स जीपच्या बेलहाउसिंगला बसतो, आणि त्या बेलहाउसिंगची भोकं ट्रॅक्टरच्या इंजिनाला जुळत नाहीत. म्हणून मध्ये एक पोलादी प्लेट घालायची, पाऊण इंच जाड. तिला एका बाजूनं इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूनं बेलहाउसिंगची. शहरातल्या एका गॅरेजात ती प्लेट कापून घेतली, तिथंच जोडणी केली. गाडी घरी आली तेव्हा आईनं चाकाखाली लिंबू ठेवला.

पंधराव्या दिवशी क्लच प्लेटचं मधलं बॉस सुटलं. रिव्हेटा कापल्यागत तुटलेल्या. सगळे म्हणाले, पोरगं क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतंय. नवी प्लेट टाकली. ती महिनाभर गेली आणि तीच गत. गॅरेजवाल्यानं गिअर बॉक्स उघडला, बेअरिंग बदललं, बिल केलं. मग सेकंड गिअर सुटायला लागला. म्हणजे गाडी सेकंडला असावी आणि लिव्हर आपोआप खटकन मागं यावं, गाडी न्यूट्रल. पुन्हा गिअर बॉक्स उघडला, दातेरी चाकं बदलली, पुन्हा बिल. प्रत्येक बिलाला आबा काही बोलत नसत, फक्त चष्मा लावून वाचत आणि घडी घालून कोनाड्यात ठेवत. तात्या माझ्यावर ओरडत. मी रात्री अंथरुणात पडून डावा पाय हलवून बघायचो, खरंच माझाच पाय चुकतोय का म्हणून. सांगायला लाज वाटते, पण एक वेळ अशी आली की मलाही वाटायला लागलं की चूक माझीच.

१९८२ च्या माघात पठारावरनं बाजाराचं वडाप घेऊन उतरत होतो. आत सतरा माणसं. उताराला सेकंड टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी धरून आणायची, ब्रेकला नुसतं शिवायचं, ही रीत. तिसऱ्या वळणावर सेकंड सुटला. गाडी मोकळी झाली आणि धावायला लागली. पुन्हा गिअर घालायला गेलो तर नुसती करकर. ब्रेक दाबत राहिलो. ड्रमचे ब्रेक तापले की पायाखाली लाकडासारखे होतात, पाय बसतो आणि गाडी थांबत नाही. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला डोंगर. गाडी डोंगराला घासली. घासत घासत चाळीस-पन्नास हात गेली आणि दगडावर चढून आडवी राहिली. माणसं गेली नाहीत. पण आमच्याच भावकीतल्या एका काकूंचा हात कोपरातनं मोडला, तो पुढं कधी सरळ झाला नाही. आणि विम्याचा रुपया मिळाला नाही. गाडीच्या बुकात इंधन पेट्रोल होतं, नंबर जुन्या इंजिनाचा होता. बुकातली गाडी आणि रस्त्यावरची गाडी वेगळी, तर विमा कुठल्या गाडीचा? तो बदल बुकावर चढवून घ्यायला पाहिजे होता आणि आम्ही आज जातो, उद्या जातो करत राहिलो होतो. काकूंच्या दवाखान्याला ओढ्याकाठची अर्धा एकर जमीन विकली.

त्या पावसाळ्याच्या आत वाटणी झाली. आबा एवढंच म्हणाले, "माझी जमीन तुझ्या लोखंडाबरुबर नगं." भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मध्ये भिंत आली, आणि जीप तात्यांच्या वाटणीला.

ती मोडकी गाडी दोन महिने चिंचेखाली उभी होती. मग आमच्या खालच्या गावातले एक म्हातारे मेस्त्री आले. हे पंपाची इंजिनं दुरुस्त करत. तरुणपणी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम केलेलं. तात्यांनी त्यांना ओढ्यावरच्या पंपासाठी बोलावलं होतं, जीपसाठी नव्हे. ते चहा पीत असताना त्यांनी गाडीकडं बघितलं आणि सगळी कथा ऐकून घेतली. मधी एकदाही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "क्लच प्लेटा किती ग्येल्या?" मी म्हटलं, तीन. "समद्या मधनंच तुटल्या? का फेसिंग जळून?" मधनंच. फेसिंग तर नवंकोरं होतं. तेव्हा ते माझ्याकडं बघून म्हणाले, "मग पोरा, तुजा पाय काय करणार? पायानं फेसिंग जळतं. बॉस तुटतो तो वाकडेपणानं." तात्यांनी मान खाली घातली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी राखाडी पुसण्याच्या निमित्तानं पुसलं.

दुसऱ्या दिवशी ते लेथवाल्याकडनं डायल गेज मागून घेऊन आले. घड्याळासारखं असतं, काटा एक फेरा फिरला की शंभर थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. गिअर बॉक्स उतरवला, क्लच काढला, पण गिअर बॉक्सच्या आत त्यांनी बघितलंही नाही. "गेर खराब न्हाय. गेरला कोण तरी वाकडं धरून नाचवतंय." गेजचा पाय फ्लायव्हीलवर आवळला आणि त्याची सुई बेलहाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवली. मग मला सांगितलं, फ्लायव्हील हातानं हळू फिरव. काटा हलायला लागला. एका बाजूला गेला, परत आला. पुऱ्या फेऱ्यात चाळीस थाऊ. मेस्त्री म्हणाले, काटा जेवढा हलतो त्याच्या निम्मं अंतर धरायचं. म्हणजे गिअर बॉक्सचं मधोमध आणि इंजिनाचं मधोमध यात वीस थाऊचा फरक. दोन-तीन पोस्टकार्डांची जाडी. कंपनीच्या गाडीत पाच थाऊपेक्षा जास्त काटा हलला तर ते नापास करतात.

हे एवढंसं अंतर काय करतं ते सांगतो, कारण पुष्कळ गाड्या ह्यानंच मेल्या आणि नाव मात्र ड्रायव्हरचं खराब झालं. गिअर बॉक्समधनं एक शाफ्ट पुढं येतो. त्याचं टोक फ्लायव्हीलच्या मधल्या पितळी बुशात टेकतं, आणि क्लच प्लेट ह्या शाफ्टवर बसते. दोन्ही मध्यबिंदू एका रेषेत असले तर शाफ्ट मुकाट फिरतो. नसले तर प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट थोडा वाकवला जातो. मिनिटाला दोन हजार वेळा. तार वाकवून वाकवून तोडतो तशी क्लच प्लेट मधनं तुटते. बुश एका अंगाला झिजतो. आणि शाफ्ट तिरका चालला की आतली दातेरी चाकं एकमेकांना सरळ धरत नाहीत, तिरक्या दाबानं एकमेकांना मागं ढकलतात. उताराला जोर उलटा आला की गिअर सुटतो. पेट्रोल इंजिनाचा धक्का मऊ, त्यानं कदाचित हे वर्षभर झाकून ठेवलं असतं. डिझेलचा एकेक ठोका घणासारखा, त्यानं पंधरा दिवसांत उघडं पाडलं.

चूक कुठं होती, तर प्लेटला डॉवेलच नव्हत्या. बोल्ट फक्त आवळायचं काम करतो, जागेवर बसवायचं काम त्याचं नव्हे. बोल्टच्या भोकात थोडी ढिलाई असतेच. जागा धरायला दोन घट्ट खुंट्या लागतात, त्यांना डॉवेल म्हणतात. कंपनीच्या इंजिनाला त्या असतात. शहरातल्या गॅरेजवाल्यानं जुनं बेलहाउसिंग प्लेटवर ठेवून खडूनं भोकं आखली आणि ड्रिल मारलं होतं.

मेस्त्रींनी तीन दिवस घेतले. बोल्ट जरा सैल करायचे, लाकडाच्या हातोड्यानं बेलहाउसिंगला एका बाजूनं टिचकी मारायची, आवळायचे, पुन्हा काटा बघायचा. भोकं कानशीनं थोडी लांबट करावी लागली. चाळीसाचे पंचवीस झाले, बारा झाले, पुन्हा अठरा झाले. मी वैतागलो, ते नाही. तिसऱ्या दिवशी उन्हं उतरताना काटा चारवर आला. तेव्हा त्यांनी गाडी कुणालाही शिवू दिली नाही. तसंच आवळलेलं असताना आरपार दोन भोकं पाडली, रीमर मारला आणि डॉवेल ठोकल्या. नवा पायलट बुश घातला. मजुरी किती म्हटल्यावर म्हणाले, पंपाची तेवढी द्या, हे मी माझ्यासाठी केलं.

त्यानंतर ती गाडी चौदा वर्षं चालली. चौदा वर्षांत क्लच प्लेटा दोन बदलल्या, दोन्ही फेसिंग झिजून. सेकंड गिअर एकदाही सुटला नाही. तात्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे बुकावर डिझेल चढवून घेतलं, इंजिनाच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा उमटवून दिला, तपासणी करून घेतली. बाकी दुखणी आली ती डिझेलची नेहमीची. थंडीत हीटर प्लग. आमच्या इंजिनाचे चार प्लग एकामागं एक माळेत जोडलेले, एक गेला की चारही थंड. कोणता गेला ते शोधायला एकेकाला तारेनं वळसा द्यायचा. कधी फिल्टरच्या वॉशरातनं हवा शिरायची आणि गाडी चढाला दम तोडायची, तेव्हा उतारू खाली उतरून बिडी ओढेस्तोवर एअर काढून होई. पावसाळ्यात पठारावर गुडघाभर चिखल, तिथं पुढचा गिअर टाकून, लो मध्ये, ती सरड्यासारखी चढायची. बाळंतिणी नेल्या, मयत नेली, उसाचं बेणं नेलं, एकदा एका नवरदेवाला नेलं तर तो उलटीनं बेजार.

आबा त्या गाडीत कधी बसले नाहीत. मेस्त्रींनी काय शोधून काढलं ते तात्यांनी त्यांना जाऊन सांगितलं होतं. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वीस थाऊ म्हंजी किती?" तात्यांनी पोस्टकार्डं दाखवली. आबा कार्डांकडं बराच वेळ बघत राहिले. भिंत तशीच राहिली. मोडलेला हात आणि विकलेली जमीन थाऊनं परत येत नाही. १९९१ ला आबा आजारी पडले तेव्हा त्यांना कराडला मीच नेलं, पण दुसऱ्याच्या ट्रॅक्समधनं. ते म्हणाले होते, तिच्यात नको.

नव्वदनंतर ट्रॅक्स आली, कमांडर आली, कंपनीतनंच डिझेल. इंजिन बदलायचं कारणच उरलं नाही. आता तर कायद्यानंही दार लावलं आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आधीपासनं होतं, पण २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टच सांगितलं की कंपनीच्या मूळ नमुन्यापासनं गाडी वेगळी करता येणार नाही. बरोबरच आहे म्हणा. त्या उतारावर सतरा माणसं घेऊन गेलेल्या माणसानं ह्याला नावं ठेवू नयेत. पण ती पोटाची गरज होती आणि तेव्हा दुसरा पर्याय कुणी दिला नव्हता, हेही तितकंच खरं.

चार वर्षांमागं पुण्याचा एक तरुण आला. उंच बॉनेटच्या जुन्या जीपा शोधत फिरत होता. त्याला ट्रॅक्टरचं इंजिन नको होतं. "काका, मूळचं पेट्रोल इंजिन आहे का?" होतं. गोठ्याच्या मागं, पत्र्याखाली, चाळीस वर्षं. पिस्टन धरलेले, आत मुंगळ्यांचं घर. त्यानं त्या भंगाराला तात्यांनी अख्ख्या जीपला मोजले होते त्याहून जास्त पैसे देऊ केले. मी आत जाऊन आईच्या फोटोकडं बघून आलो. पाटल्या शेवटपर्यंत सुटल्या नव्हत्या.

जीप दिली. ट्रॅक्टरचं इंजिन उतरवून ठेवलं, ते आमच्या शेजाऱ्याच्या बी-२७५ ला बसलं, त्याचा ब्लॉक तडकला होता. आता ते पुन्हा नांगरटीला जातं, बांधावरनं आवाज ओळखू येतो. उतरवताना तो तरुण आणि त्याचा मेस्त्री यांनी डॉवेल काढायला चांगला तास घालवला. प्लेट सुटल्यावर त्यानं ती भंगाराच्या ढिगाकडं टाकली. मी उचलून घेतली. तिच्यावर गॅरेजवाल्याच्या खडूनं आखलेली भोकं आहेत, ती आठाच्या आकड्यासारखी लांबट झालेली, आणि डॉवेलची दोन भोकं, काठ आरशासारखे. ती प्लेट आता माझ्या खोलीत खिडकीत आहे. पुतण्या, म्हणजे आबांचा नातू, परवा विचारत होता हे काय म्हणून. त्याला डायल गेज कुठनं तरी मागून आणायला सांगितलंय.